चक्कीवाल्याची चौकशी

"लिख. अनुभव, बावीस वरीस."

"कसाना अनुभव, ते बी लिखनं पडस आबा."

"चक्कीवर बठाना."

"डिटेक्टिव्हना फॉर्म शे हाऊ. चक्कीनं काय काम आठे?"

"तूच इचारं ना कसाना अनुभव म्हनीसन? खरं ते लिख. खोटी माहिती दिधी ते अर्ज रद्द, आसं खाले छापेल शे. तूच वाचं आते."

काजलने पेनाचं टोपण दाताखाली धरलं आणि बापाकडे बघत बसली. पोरगी बी.एस्सी. झालेली, अर्ज भरण्यात तयार. आजवर तिने गावातल्या निम्म्या लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरले होते, पण असा अर्जदार तिला भेटला नव्हता. शेवटी दोधू सांगत गेला तसं ती शुद्ध मराठीत लिहीत गेली. आधी नमुन्यादाखल गिरधर पाटलाच्या मुलीची चौकशी लिहून झाली, मग रीत. 'अर्जदार परगावी जाताना चार-पाच किलो धान्याची पिशवी बरोबर नेतो. तेथील पिठाच्या गिरणीत दळणाच्या रांगेत बसतो. प्रश्न विचारत नाही. फक्त ऐकतो व डबे पाहतो.'

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर दोधूने ते दोनदा वाचून घेतलं. आपल्या आयुष्याचा सारांश एवढा नेटका झालेला त्याने पहिल्यांदाच ऐकला होता.

सारंगखेड्यापासून आठ किलोमीटरवर, तापीच्या काठच्या केळी-कापसाच्या गावात दोधू पाटलाची चक्की. वाटणीची जमीन भावाकडे, दोधूकडे चक्की. दगड, पट्टा, दहा हॉर्सपॉवरची मोटार आणि भुवयांवर कायमचं पीठ. गावातला माणूस खोटं बोलेल, पण डबा खोटं बोलत नाही, हे त्याचं शास्त्र. दादरचा, म्हणजे भारी रब्बी ज्वारीचा, डबा साध्या ज्वारीवर आला की त्या घरात हात आखडला. ज्वारीत उडीद मिसळून कळणा आला की भरीत-भाकरीचा बेत. गहू दोनदा चाळून, बारीक दळायला आला की मांडे, म्हणजे पाहुणे. आणि बिनसणाचे मांडे म्हणजे पोर बघायला कोणीतरी येतंय. मुलीच्या आईने तोंड उघडायच्या आधी दोधूला कळलेलं असायचं. म्हणून गावातल्या एक-दोन बाया रेशनचा तांदूळ दळायला शेजारच्या गावी जात. तेही दोधूला माहीत होतं.

हा धंदा बाहेरगावी सुरू झाला तो गिरधर पाटलामुळे. गिरधरच्या कामिनीला तळोद्याकडचं स्थळ आलं होतं. चाळीस एकर बागायत, तीन भाऊ, एक चूल. 'एक चूल' हे शब्द मध्यस्थाने इतक्या वेळा उच्चारले की गिरधरला झोप येईना. तो दोधूकडे आला. दोधू पाच किलो दादर घेऊन त्या गावच्या चक्कीवर जाऊन बसला. दुपारपर्यंत एकाच आडनावाचे तीन डबे आले. तिन्हींवर एकाच हाताने, एकाच रंगाने नाव टाकलेलं, फक्त पुढचं नाव वेगळं. तीन डब्यांच्या तीन बाया. एकमेकींना टेकून बसलेल्या, पण एकमेकींशी चकार शब्द नाही. एक चूल असती तर डबा एक आला असता. दोधू दळण घेऊन परत आला आणि गिरधरला म्हणाला, "चुला तीन शेत, भो. आनि तिन्ही पेटेल शेत."

सोयरीक मोडली. गिरधरने दोधूला टॉवेल-टोपी दिली. तेव्हापासून दोधूची पेटी टोप्यांनी भरत गेली. मुलीचा बाप यायचा, बसभाडं द्यायचा, काम झालं की टॉवेल-टोपी. दोधूनेही याहून जास्त कधी मागितलं नाही. ज्या मुलाकडच्यांची सोयरीक मोडली ते मात्र टोपी देत नसत. परगाव काय देऊ शकतं, ते गेल्या साली कळलं.

गेल्या साली मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. दोधू पलीकडच्या तालुक्यात, एका नव्या गावी, पिशवी घेऊन रांगेत बसलेला. कोणीतरी विचारलं, कोणाकडे आलात? दोधूने नाव सांगितलं ते नेमकं गावात नव्हतं. मग पिशवी तपासली. परगावचा माणूस पाच किलो दादर दळायला साठ किलोमीटर येतो, याचा अर्थ लावायला गावाला दोन मिनिटं लागली. चार-पाच थोबाडीत बसल्या, मग ग्रामपंचायतीत कोंडलं. शेवटी तिथला चक्कीवाला आला. त्याने मूठभर पीठ दोधूच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, चक्कीवाला असशील तर बोल. दोधूने पीठ दोन बोटांत चोळलं. "खालना दगडले टाकी लावानी येळ उनी. पीठ गरम निंघी ऱ्हायनं." चक्कीवाल्याने लोकांना सांगितलं, सोडा याला, हा आपल्यातला आहे.

घरी आल्यावर कौसाबाईने नवऱ्याचा सुजलेला गाल बघितला आणि हळद लावायच्या आधी निकाल दिला. "आते कार्ड आना. छापेल, फोटोवालं. कार्ड नही ते गाव सोडीसन पाय टाकनं नही. पीठ चोळीसन दरसाल सुटका व्हस का?"

दोधूने बायकोचं ऐकलं, कारण गाल त्याचा होता. पण पाय घरात ठेवणं त्याला जमेना. साल उलटलं. तीन जण पोरींची स्थळं घेऊन आले आणि तसेच परत गेले. चक्की चालू होती, पण गाव आपलंच, डबे तेच. दोधूला ते वाचून पाठ झाले होते.

तेव्हा गावचाच हेमकांत आठवला. तो सुरतेला एका खाजगी तपास एजन्सीत मॅनेजर होता. लग्नाआधीच्या चौकश्या हेच त्या एजन्सीचं मुख्य पीक. हेमकांतने फोनवर सांगितलं की या धंद्याला सरकारी परवाना असा लागत नाही. दोधूला ते जरा लागलंच. ट्रॅक्टर चालवायला परवाना, बंदुकीला परवाना, वडापावच्या गाडीला परवाना आणि लोकांच्या चुलीत डोकं घालायला काहीच नाही? पण एजन्सीचं कार्ड मिळेल, हेमकांत म्हणाला. नंदुरबारकडे माणूस हवाच आहे. फक्त फॉर्म भरा, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडा. बाकी मालक बघतात.

'बाकी मालक बघतात' हे वाक्य दोधूने चाळून घ्यायला हवं होतं. त्याने ते तसंच पोत्यात भरलं.

दाखल्याच्या चौकशीला आमशा नावाचा हवालदार आला. अक्कलकुव्याच्या डोंगराकडचा तरुण, खाकीत, मोटारसायकलवर. आला तो सरळ चक्कीवर आणि सरळ दोधूलाच विचारू लागला.

"काका, तुमच्यावर काही गुन्हा?"

"नही साहेब."

"व्यसन?"

"तंबाखू."

"तंबाखू लिहीत नाही. चालचलन कसं आहे?"

दोधू बघतच राहिला. "कोनं? मन्हं? मलेच इचारी ऱ्हायनात तुमी?"

"शेजाऱ्यांनाही विचारतो ना." आमशाने वळून दळणासाठी आलेल्या फुलीबाईला विचारलं, "मावशी, यांचं चालचलन कसं?" फुलीबाई म्हणाली, "चांगलं." आमशाने लिहिलं, चांगले.

"साहेब," दोधू न राहवून म्हणाला, "आसा तपास नही करतस. मानूसना समोर मानूसनं कोन खरं सांगी? पोशाख बदलीसन याना. दळन लई याना. कोपराम्हा बठाना, उगा ऱ्हावाना."

"काका, कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव नाही. मला तेवढंच बघायचंय." आमशा चहा पिऊन गेला. दाखला आला. अर्ज आणि दाखला सुरतेला गेला. दोधूच्या हिशेबी चौकशी झाली, कार्ड तेवढं यायचं राहिलं. पोलिसांचं कच्चं काम बघून त्याला आतून सुखही झालं होतं. त्या दिवशी चक्कीवर येणाऱ्या प्रत्येक डब्याला त्याने तो किस्सा दिला.

त्याच सुमारास घरात दुसरं एक दळण चालू होतं. काजलचा बायोडाटा सुरतेच्या एका घरी गेला होता. मुलगा कापड बाजारात, घर मूळचं आपल्याकडचं. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप दिला होता, आम्ही बाहेरच्या बाहेर तपास करू, मग कळवू. कौसाबाई तेव्हापासून अंगणात दोनदा सडा टाकत होती.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, चक्कीवर एक अनोळखी पोरगी आली. सव्वीस-सत्तावीसची, कुडता-सलवार, पायात पांढरे बूट, हातात कोरी पिशवी आणि पिशवीत पाच किलो गहू. नाव भूमिका सांगितलं. सारंगखेड्याला मावशीकडे आले, तिथली चक्की बंद पडलीय, म्हणाली.

सारंगखेड्याच्या दोन्ही चक्क्या चालू होत्या. दोधू सकाळीच एका चक्कीवाल्याशी पट्ट्याबद्दल फोनवर बोलला होता. त्याने पिशवीत हात घातला. गहू दुकानातला, न निवडलेला, एक खडा नाही की काडी नाही. पांढऱ्या बुटांवर स्टेशनच्या रिक्षातली धूळ, गावातली नव्हे. बोलण्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी गुजराती हेल. दोधूने दोन मिनिटांत तिला पुस्तकासारखं वाचलं. सुरतेची. मावशी नाही. तपासाला आलेली. आणि पिशवी घेऊन रांगेत बसण्याची रीत तर त्याचीच! त्याला क्षणभर अभिमान वाटला की आपली विद्या पार सुरतेपर्यंत पोचली.

ती कशी पोचली, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. कारण एवढ्यात त्याच्यातला चक्कीवाला उठून गेला आणि पोरीचा बाप येऊन बसला.

"बठ माय, बठ. पंखाखाले बठ," तो म्हणाला आणि मोटारीचा पट्टा घसरल्याचं निमित्त करून मागच्या बाजूला गेला. तिथे फुलीबाई रिकामा डबा घेऊन उभी होती.

"फुलीबाई, सुरतनी शे. काजलना तपासले उनी. गावमा सांगी दे. आनि येक ध्यानम्हा धर, मन्हं ते पिशवी लईसन फिरनं कोनी काढू नका."

"काबर भाऊ? चांगलंच काम शे ना ते?"

"आवं, दुसरास्ना घरमा डोकं घालनारा याही कोले पाहिजे? कोनी सोयरीक करी का? सांग, दोधू साधा शे. त्याले काही समजस नही."

फुलीबाई डबा तिथेच ठेवून निघाली. पोरीच्या तपासाला कोणी आलं की गाव एक होतं, हा तिकडचा अलिखित कायदा. वर्षभर बांधावरून डोकी फोडतील, पण पाहुण्यासमोर एकमेकांच्या घराला बोट लावणार नाहीत. गावाची पोर, गावाची इज्जत. दोधू परगावच्या याच कायद्याशी बावीस वर्षं झगडत आला होता. आज तो कायदा पहिल्यांदा त्याच्या घरासाठी कामाला लागला.

भूमिकाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, सगळं गाव इथे येतं. तुम्हाला तर घराघरातलं माहीत असेल ने?"

"नही माय. मी खाले मुंडी घालीसन दळस. कोन उना, कोन गया, काय म्हाईत."

"पण मी ऐकलं, लग्नाच्या चौकशीला तुम्ही बाहेर जाता?"

"कोन म्हनस?" दोधूने कानाला हात लावला. "रामराम! दुसरानी चौकशी म्हंजे पाप शे माय. शहादाना बजार सोडीसन मी कोठेच गयू नही."

तेवढ्यात फुलीबाई दम टाकत परत आली. तिने हात जोडले. "दोधूभाऊ म्हंजे देव मानूस. दिवस मावळना का खाटवर. कोनासंगे बोलनं नही, कोनाले इचारनं नही. आनि आते ते त्याले कमी ऐकू येस!"

दोधूने फुलीबाईकडे डोळे वटारून बघितलं. कान बहिरे करायला कोणी सांगितलं होतं? पण पाहुणीसमोर बोलता येईना, आणि बोलला असता तर ऐकू येतं हे सिद्ध झालं असतं.

पीठ घेऊन भूमिका गावात फिरली. गिरधर पाटलाच्या ओट्यावर तिला पाणी मिळालं. गिरधर म्हणजे ज्याची कामिनी तीन चुलींतून वाचली, तो. दोधूचे उपकार फेडायची अशी संधी पुन्हा कधी यायची? तो मूठ उराशी धरून म्हणाला, "दोधू? धाकला पोऱ्यागत शे. मन्ही पोरनं लगीन व्हतं, मी सांगं, चाल दोधू, जराखं तपास करूत. तो म्हने, माले त्यामझारलं काही समजस नही, तुमीच जा. आसा सरळ मानूस!"

घरी कौसाबाईने शिरा केला, तूप सुटेपर्यंत. काजल चहा घेऊन आली, बसली, बोलली. भूमिकाने काजलला एकही प्रश्न विचारला नाही. बापाबद्दल मात्र सहा विचारले. निघताना कौसाबाईने तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि पेटीतली नवी साडी हातावर ठेवली. भूमिका नको-नको म्हणाली. कौसाबाई म्हणाली, सवाष्णीला रिकामी पाठवायची पद्धत नाही. भूमिकाचं लग्न झालं नव्हतं, पण तेही कोणी विचारलं नव्हतं.

रिक्षा गेल्यावर काजलने कप गोळा करत म्हटलं, "आबा, पोऱ्यानं नाव काय सांगं तिनी?"

"कोना पोऱ्या?"

"जेना करता ती उनी, तो."

दोधूने कौसाबाईकडे बघितलं, कौसाबाईने दोधूकडे. "आसं लगेच नही इचारतस," दोधू म्हणाला. पण रात्रीची भाकरी त्याला जरा कोरडी लागली.

आठ दिवसांनी हेमकांतचा फोन आला. चक्की बंद करून दोधूने तो कानाला लावला.

"काका, काय करी ठेवं तुमी हाई?"

"काय जयं? कार्ड उनं का?"

"कसानं कार्ड? मालकनी आमनी तपासनीस बाई धाडेल व्हती. जो कामवर येस त्याना तपास आमी कर्तसच. माले सांगता येत नव्हतं. आते आयका." आणि हेमकांत अहवाल वाचू लागला. अहवाल शुद्ध मराठीत होता.

'अर्जदाराच्या गावात अर्जदाराबद्दल कोणाचीही तक्रार नाही. अर्जदारास गावातील कोणाचीही कसलीही माहिती नाही. अर्जदार सूर्यास्तानंतर बाहेर पडत नाही. अर्जदारास ऐकू कमी येते. अर्जदार शहाद्यापलीकडे गेलेला नाही, व चौकशी करणे हे पाप आहे असे त्याने स्वतः सांगितले. गिरधर पाटील यांच्या मुलीच्या चौकशीचा जो अनुभव अर्जात लिहिला आहे, तो स्वतः गिरधर पाटील यांनी नाकारला. सबब, अनुभवाचा बावीस वर्षांचा दावा बनावट आहे. निघताना अर्जदाराच्या पत्नीने तपासनीसास साडी दिली. ती कार्यालयात जमा केली आहे.'

दोधू पिठाच्या पोत्यावर बसला. पोलिसाचा दाखला म्हणत होता, चारित्र्य चांगले. एजन्सीचा अहवाल म्हणत होता, खोटारडा. आणि जन्मभरात खरं लिहिलेला एकच कागद असेल, तर तो अर्ज.

"हेमकांत, आरे ती बाईले मी दोन मिनटम्हा वळखं! मावशी खोटी, चक्की बंद खोटी. सुरतनी शे, तपासले उनी शे, बठ्ठं वळखं. ती पिशवी मन्हीच रीत व्हती!"

"अर्जम्हा तुमीच लिखेल व्हती ना? मालकनी तेच वाचीसन तिले गहू लई दिधात." मग त्याने विचारलं, "वळखं ते मंग बोलनात काबर नही काका?"

"चक्कीवालानी वळखं रे," दोधू म्हणाला. "पन बोलना तो पोरना बाप."

हेमकांत म्हणाला, नवा अर्ज दोन वर्षांनी करता येतो, मालकांचा नियम आहे. दोधू म्हणाला, "आनि ती बाईले सांग, पांढरा बूट घालीसन खेडाम्हा जावानं नही. आनि गहू घरना ल्यावाना, दुकानना नही."

"सांगस काका."

कौसाबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. दोधूला वाटलं, आता ती साडीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "म्हंजे कार्ड नही."

"नही."

"मंग पाय टाकनं नही." एवढं बोलून ती वळली, पण दोन पावलांवर थांबली. "साडी जमा करी म्हंजे, तिले दिधी नही का त्यास्नी?"

"कपाटम्हा ठेवी व्हई."

"मोरपिशी व्हती," कौसाबाई म्हणाली आणि आत गेली. सुरतेच्या खऱ्या पाहुण्यांचा निरोप अजून आला नव्हता. ते बाहेरच्या बाहेर तपास करत होते. कोणाकडून करवत होते, ते दोधूने विचारायचं टाळलं. गावचा माणूस असलेली एजन्सी तिथे एकच होती, हेमकांतची.

दुपारी फुलीबाई डबा घेऊन आली. तिचा चेहरा काहीतरी बक्षीस मिळायचं असल्यासारखा. "काय जयं दोधूभाऊ? पसंत पडनी का पोर?"

"पोरले कोनी देखंच नही. बाप नापसंत पडना."

"आते माय! आमी ते किती चांगलं सांगं!"

"तेच ना."

फुलीबाईला काही उमगलं नाही, आणि उमगवून सांगायची दोधूची तयारी नव्हती. त्याने तिचा डबा उचलला. हात आत घातला. गहू. दोनदा चाळलेला, निवडलेला. दर आठवड्याला हिच्या घरची बाजरी यायची. दोधूचा हात गव्हात जरा वेळ तसाच राहिला.

"बारीक दळानं का?"

"हाव, जराखं बारीकच."

"कव्हय येवाव शेत पाव्हना?"

फुलीबाईने पदर तोंडावर घेतला. तिने भाचीसाठी स्थळ बघितलंय, हे अजून घरातसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. "तुमले कसं..." म्हणत ती इकडेतिकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, "रईवार. पन तो पोऱ्या कसा शे, काही कळस नही. तुमी जाई येशात का तठे?"

दोधूने उंबऱ्याकडे बघितलं. आत कौसाबाईच्या बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या.

"माले कमी ऐकू येस," दोधू म्हणाला. त्याने डबा वरच्या तोंडात रिता केला, दगड जरा आवळला आणि बटण दाबलं. पट्टा एकदा फडफडला, मग लागला. पीठ यायला लागल्यावर त्याने खाली हात धरला आणि दोन बोटांत चोळून बघितलं.